डिकन्सची माणसे आमच्या तालुक्यांत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला जे पत्र पाठविले त्यात 'विषय आपल्या आवडीचा घ्यावा' असे लिहिले होते. कामगार संघटनेच्या माणसाला असे लिहिले म्हणजे तो बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर किंवा फार तर प्रॉव्हिडंट फंडावर बोलणार, अशी त्यांची खात्री असावी. आम्ही चार्ल्स डिकन्सचे नाव कळविले. दुसऱ्याच दिवशी चिटणिसांचा फोन आला, "अण्णा, हे डिकन्स कुठल्या युनियनचे?" चिटणीस थट्टेखोर आहेत, हे आम्ही जाणतो. पण प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. शेवटी आम्ही त्याच प्रश्नाकडे येणार आहोत.

आमचे शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे सारे शिक्षण पाळीवर जाता-येता, एस. टी. च्या बाकावर आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. कोर्टात तारीख पडली आणि वकील आले नाहीत की माणसाला चार-चार तास मोकळे मिळतात. त्या वेळात वीरकरांचा शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही इंग्रजी वाचावयास शिकलो. तेव्हा प्राध्यापक मंडळींनी आमच्याकडून समीक्षेची अपेक्षा करू नये. एका वाचकाला एका लेखकाच्या पुस्तकांत ओळखीची माणसे भेटली, ती कोण, एवढेच आम्ही सांगणार.

नीतीचा उपदेश या गावाला नवा नाही. मोरोपंतांनी आपले आयुष्य येथेच, कऱ्हेच्या काठी काढले आणि १७९४ साली येथेच देह ठेवला. त्यांच्या केकावलीतल्या ओळी शाळेत पाठ केल्या नाहीत असा मराठी माणूस आमच्या पिढीपर्यंत तरी विरळा. पंतांचे सांगणे वरच्या पट्टीतले. माणसाने कसे असावे, काय मागावे, कोणाच्या संगतीत राहावे, हे ते देवाजवळ हात जोडून सांगतात. डिकन्सचा मार्ग निराळा. माणूस कसा असतो हे तो दाखवितो आणि तेही हसत हसत. पंत वाचताना आपण मान डोलावतो. डिकन्स वाचताना आधी शेजाऱ्याचे नाव आठवून हसू येते आणि दोन पाने पुढे गेल्यावर तो शेजारी आपल्याच घरात राहतो की काय, अशी शंका येऊ लागते.

हा माणूस १८१२ साली जन्मला. बाप कारकून, मनाने उदार, खर्चाला सैल. १८२४ च्या फेब्रुवारीत बापाला देणेकऱ्यांच्या तुरुंगात, मार्शलसीत, टाकले. त्या काळी इंग्लंडात कर्ज फिटले नाही तर माणसाला कोंडून ठेवीत, म्हणजे तो कमावून कर्ज फेडील ही शक्यताही बंद करीत. या युक्तीतले शहाणपण कोणाला कळले असेल तर त्याने आम्हांला समजावून द्यावे. बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवावयास बसविले. पुढे बाप सुटला, तरी पोराने कारखान्यातच राहावे असे आईचे मत पडले. ही गोष्ट तो जन्मभर विसरला नाही. नंतर थोडी शाळा, मग वकिलाकडे कारकुनी, लघुलिपी, वर्तमानपत्राची बातमीदारी. पदवी नाही, विद्यापीठ नाही. आम्हांला हा मनुष्य जवळचा वाटतो त्याचे हे एक कारण.

बापाचे चित्र त्याने 'डेव्हिड कॉपरफील्ड' या कादंबरीत मिकॉबर या नावाने काढले आहे. मिकॉबर कायमचा कर्जात. मिळकतीपेक्षा खर्च किंचित जरी वाढला तरी संसाराचे वाटोळे होते, हा सिद्धान्त तो लहानग्या डेव्हिडला पौंड-शिलिंगाच्या आकड्यांसकट, डोळ्यांत पाणी आणून समजावून सांगतो, आणि सांगून झाल्याबरोबर त्याच पोराकडून एक शिलिंग उसना घेतो. हिशेब येत नाही म्हणून माणूस बुडतो, हे सावकाराचे आणि सुशिक्षिताचे आवडते मत. मिकॉबरला हिशेब तोंडपाठ आहे.

आता उसाच्या फडात चला. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडच्या टोळ्या आमच्या कारखान्यांच्या हद्दीत उतरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामापूर्वीच मुकादमाने त्यांना उचल दिलेली असते आणि तोडलेल्या टनांतून ती फिटावयाची असते. आजारपणाने किंवा बाळंतपणाने दिवस बुडाला तर खाडा. इंदापूर तालुक्यातल्या एका फडात एका तोडणीवाल्याने आम्हांला सगळा हिशेब तोंडी करून दाखविला. टन किती, दर काय, मुकादमाचे कमिशन किती, खाडे किती, वाढे विकून काय आले. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन मागे पडलो. हिशेबाच्या शेवटी उचल फिटत नव्हती, उलट वाढत होती. आम्ही विचारले, "मग पुढच्या साली घेणार नाहीस ना?" तो म्हणाला, "घेतली की. पोरीचं लगीन काढलंय." बायको शेजारी मोळी बांधीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "उचल घेतली न्हाई तर लगीन मुकादम लावून देणार हाय का?"

येथे आमचे डिकन्सशी थोडे वाकडे आहे. मिकॉबरवर आपण हसतो, कारण त्याचे कर्ज त्याच्या स्वभावातून आलेले आहे. फडातल्या त्या जोडप्याच्या स्वभावात उधळपट्टी शोधून सापडावयाची नाही. मिकॉबरला काही तरी घडून येईल ही आशा पोसते आणि कादंबरीकार दयाळू असल्यामुळे शेवटी ऑस्ट्रेलियात त्याचे भले होते. आमच्या कोयत्याला ऑस्ट्रेलिया नाही. पट्टा पडला की गाव, आणि दिवाळीला पुन्हा फड.

कर्जाची गोष्ट निघाली आहे तर येथून जवळच्याच सुप्याला विसरून चालणार नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारच्या दिवशी कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांना हवे होते कागद. खतपत्रे, रोखे, वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत गेले. सरकारने चौकशीला कमिशन नेमले, आणि त्यालाही नमूद करावे लागले की माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार फार थोडे झाले. रागावलेला जमाव वाटेल ते करतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कोणत्या वस्तूत आपला जीव अडकला आहे हे त्या निरक्षर माणसांना नेमके ठाऊक होते. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची सोय बंद झाली. इंग्लंडात कर्जासाठी कैद बहुतांशी बंद करणारा कायदा १८६९ चा. म्हणजे मार्शलसीचे भूत तेथून उतरल्यानंतर दहा वर्षांनी भीमथडीतून उतरले. साहेब बोटीने लवकर येई, पण त्याचे शहाणपण गलबताने येत असावे.

आणि इंदापूर! मंडळी, 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी आम्ही प्रथम वाचली तेव्हा पहिल्याच प्रकरणात आम्हांला इंदापूर दिसले. कसे ते सांगतो.

त्या कादंबरीत ग्रॅडग्राइंड नावाचे गृहस्थ आहेत. वस्तुस्थिती, आकडे आणि व्याख्या यांखेरीज जगात काही आहे हे त्यांना मान्य नाही. आपल्या दोन धाकट्या मुलांची नावे त्यांनी ॲडम स्मिथ आणि माल्थस अशी ठेवली आहेत. अर्थशास्त्रावरची अशी भक्ती आमच्याकडे कोणी दाखविल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या शाळेत सिसी नावाची सर्कशीतल्या माणसाची पोर येते. तिचा बाप घोड्यांचे काम करतो, ती घोड्यांतच वाढली आहे. तिला घोड्याची व्याख्या विचारतात, आणि ती देता येत नाही. मग बिट्झर नावाचा पोरगा दातांची संख्या, खुरांचा प्रकार वगैरे धडाधड म्हणून दाखवितो आणि शाबासकी घेतो. घोडा कोणाला कळला होता, हे डिकन्स सांगत बसत नाही.

आता ही गोष्ट सोडा आणि १८३० च्या इंदापूर तालुक्यात या. पेशवाई बुडून बारा वर्षे झाली आहेत. कंपनी सरकारचे प्रिंगल नावाचे तरुण अधिकारी जमिनीची पाहणी करून सारा ठरवीत आहेत. हे विलायतेत हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेले. तेथे अर्थशास्त्र कोण शिकवीत असे? साक्षात माल्थससाहेब! कादंबरीतल्या मुलाचे ज्यांच्यावरून नाव ठेवले, तेच. प्रिंगलसाहेबांनी खंडाचा सिद्धान्त तेथे शिकून घेतला आणि तो आमच्या काळ्या रानावर बसविला. प्रत्येक जमिनीचे पीक किती, मशागतीचा खर्च किती, खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती, आणि त्याच्या निम्म्याहून अधिक सरकारचे. कागदावर यात दोष काढावयास जागा नाही. आकडे जागच्या जागी, तक्ते सुरेख.

फक्त इंदापुरात पाऊस तक्त्याप्रमाणे पडत नाही. एक साल ज्वारी डोक्याएवढी होते आणि पुढची दोन साले पेरलेले बी परत मिळत नाही. मोजणीदार आणि कारकून यांनी गावोगाव कोणाचे रान कोणत्या प्रतीत घातले आणि त्यासाठी काय घेतले, याचा रकाना तक्त्यात नव्हता. धाऱ्याचे ओझे पेलेना, तशी माणसे जमिनी टाकून गेली. काही वर्षांत तालुक्यातले कित्येक रान ओस पडले. सरासरीच्या हिशेबाने प्रत्येकाच्या पोटात भाकरी होती. प्रत्यक्षात चुली थंड होत्या.

१८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी याच इंदापुरातून नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा सिद्धान्त बाजूस ठेवला. मातीची खोली किती, रंग कसा, दोष काय, हे पाहून प्रती लावल्या. मागे वसूल प्रत्यक्षात किती आला होता ते दफ्तरात पाहिले, सारा खाली आणला आणि तो तीस वर्षांकरिता कायम केला. ओस रान पुन्हा लागवडीस येऊ लागले. पुढे याच पद्धतीवर मुंबई इलाख्यातली जमीन मोजली गेली. ही मंडळी काही धर्मात्मे नव्हती. सारा वसूल व्हावा हीच त्यांचीही इच्छा होती, आणि तीस वर्षे संपल्यावर सरकारने सारा वाढविला, तोही १८७५ च्या सुप्याच्या होळीला सरपण पुरविणाऱ्या कारणांत मोडतो. पण प्रिंगल बिट्झरप्रमाणे शिकले होते आणि विंगेटने सिसीप्रमाणे घोडा पाहिला, हा फरक आहेच. डिकन्सने कादंबरी लिहिली १८५४ साली. त्याला इंदापूरचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला ग्रॅडग्राइंड ठाऊक होता, एवढे पुरे झाले. इंदापूरकर श्रोते येथे असतील तर त्यांनी आपल्या तालुक्याचे हे श्रेय सोडू नये.

ग्रॅडग्राइंड वारला, असे समजू नका. एम. आय. डी. सी. तल्या एका कंपनीत, नाव घेत नाही, वेळ मोजणारे तज्ज्ञ आले होते. हातात घड्याळ, छातीशी पाटी. यंत्र चालू करावयास इतके सेकंद, नग उचलावयास इतके, पाणी पिण्यास जाऊन येण्यास इतके. आमच्या एका जुन्या कामगाराने अदबीने विचारले, "साहेब, तहान किती सेकंदांची धरलीय?" तज्ज्ञांनी ते लिहून घेतले, ही त्यातली मौज.

आता एक असा माणूस, की ज्याच्यावर सगळे खो खो हसतात आणि ज्याच्याकडे नीट कोणी पाहत नाही. युरिया हीप. 'कॉपरफील्ड'मधला वकिलाचा कारकून. हात चोळीत, अंग आक्रसून, आपण किती क्षुद्र, किती नम्र हे जो येईल त्याला सांगतो आणि आतून मालकाचे घर पोखरतो. शाळेतल्या निबंधात हा ढोंगीपणाचा नमुना. पण डिकन्सने त्याच्या तोंडी एक गोष्ट घातली आहे, ती आम्हांला सबंध पुस्तकात सर्वांत खोल वाटली. हीप सांगतो की, तो आणि त्याचा बाप दोघेही धर्मादाय शाळेत वाढले आणि तेथे त्यांना दुसरे फारसे काही शिकविले नाही, नम्रता तेवढी सकाळ-संध्याकाळ शिकविली. याच्यापुढे टोपी काढ, त्याच्यापुढे वाक, आपली पायरी ओळख. बापाने पोराला सांगितले की वाकल्याने कामे होतात. पोराने धडा मन लावून गिरविला.

म्हणजे हीपचे ढोंग हे त्याच्या मनातून उगवलेले नाही. देणगीदारांनी पैसे खर्चून ते पेरलेले आहे. गरिबाकडून लीनपणाची सक्तीने वसुली केली की त्याच्या तळाशी काय साचते, हे डिकन्सने दाखविले आणि पुढे लगेच हीपला खलपुरुष करून टाकले, कारण वाचकांना खलपुरुष हवा होता. आम्हांला वाटते, तेथे तो एक पाऊल मागे सरकला.

हे आम्ही पुस्तकावरून म्हणत नाही. पहिल्याने युनियनच्या सभेला येणारा माणूस खुर्ची रिकामी असली तरी जमिनीवर बसतो. पुण्याला कामगार आयुक्तांच्या कचेरीत बोलणी असली की व्यवस्थापक बसतात, आम्ही बसतो आणि ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो. बस म्हटले तर "असू द्या साहेब, उभाच बरा" म्हणतो. त्याला त्या खुर्चीवर बसवावयास आम्हांला सहा-सहा महिने लागले आहेत. पगारवाढ त्यामानाने लवकर होते. आणि जो सर्वांत जास्त वाकतो, 'मायबाप' म्हणतो, तो मनातल्या मनात कोणाच्या नावाने काय म्हणत असतो ते त्याच्याबरोबर चहा पिताना ऐकावे. आमच्या पहिलवानकीच्या मुलखात शिव्यांची समृद्धी मोठी आहे.

पेक्स्निफविषयी थोडक्यात. 'मार्टिन चझलविट' या १८४३-४४ च्या कादंबरीतला हा नीतिमान गृहस्थ. शिष्य ठेवतो, त्यांची फी घेतो, त्यांचे नकाशे आपले म्हणून खपवितो आणि दर वाक्याला सद्गुणाचे नाव घेतो. डिकन्सने त्याची तुलना वाट दाखविणाऱ्या खांबाशी केली आहे. भिगवणच्या फाट्यावर बारामतीची दिशा दाखविणारी पाटी आहे. ती आजवर बारामतीला आलेली नाही. पण मराठी वाचकाला पेक्स्निफ परका नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्र १८९० साली काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः दिली. तीतले शंकरमामंजी ज्यांनी वाचले आहेत त्यांना सोवळ्यातला माणूस ओळखावयास इंग्रजी पुस्तकाची गरज नाही. फरक एवढाच की डिकन्सचा पेक्स्निफ हसवितो आणि त्याच्या पायी फसलेली माणसे अखेर सावरतात. हरिभाऊंच्या यमूला कोणी सावरीत नाही. शंकरमामंजींवर आम्हांला कधी हसू आले नाही. हरिभाऊंनी इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचल्या होत्या. हसून सोडून देण्याइतके अंतर आपल्या समाजापासून त्यांना मिळाले नाही, असे आम्हांला वाटते, आणि ते बरेच झाले.

हसण्यासारखा आहे तो बाउंडरबी. 'हार्ड टाइम्स'मधला गिरणीवाला नि सावकार. आपण खड्ड्यात जन्मलो, आईने टाकून दिले, आजीने मारले, तरी स्वतःच्या मनगटावर वर आलो, ही कथा तो जेवताना, पाहुण्यांपुढे, बँकेत, सगळीकडे सांगतो. शेवटी एक म्हातारी पुढे येते. ती त्याची आई. तिने पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकविलेले, आणि आता तो तिला वर्षाला तीस पौंड देऊन गावाबाहेर ठेवतो, कारण ती दिसली तर त्याची गरिबी खोटी पडते. मंडळी, सत्कार-समारंभांत आपण काय काय ऐकतो ते आठवा. आपल्याकडे तर वाडवडिलांची चाळीस एकर बागाईत असलेला माणूसही अनवाणी शाळेत गेलेला असतो. नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ पासून पाणी वाहते. त्या पाण्यावर, बापाच्या जमिनीवर, आईच्या दागिन्यांवर आणि सोसायटीच्या कर्जावर जो उभा राहिला, तो व्यासपीठावर एकट्याच्या मनगटाविषयी बोलतो. आईला पहिल्या रांगेत बसविलेले असते, एवढा बाउंडरबीपेक्षा आमचा माणूस बरा.

बाउंडरबीचे दुसरे मत असे की, कामगार तोंड उघडतो तो सोन्याच्या चमच्याने पक्वान्ने खाण्यासाठी. एका वाटाघाटीत आम्हांला ऐकविण्यात आले, "पगारवाढ कशाला? प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे." चमचा बदलला.

येथवर सर्व गोड झाले. आता चिटणिसांच्या प्रश्नाकडे. हे डिकन्स कुठल्या युनियनचे?

कुठल्याच नाही. उलट 'हार्ड टाइम्स'मध्ये त्याने आमचे, म्हणजे कामगार पुढाऱ्याचे, जे चित्र काढले आहे ते ऐकून घेणे आम्हांला भाग आहे. त्याचे नाव स्लॅकब्रिज. घसा ताणून बोलतो, भुवया वाकड्या, ज्या माणसांपुढे बोलतो त्यांच्यापेक्षा सर्व बाबतींत हलका. त्या गिरणीत स्टीफन ब्लॅकपूल नावाचा एक सरळ विणकर आहे. त्याने कोणाला तरी शब्द दिला आहे म्हणून तो संघटनेत येत नाही. स्लॅकब्रिजच्या भाषणानंतर सगळे कामगार त्याच्याशी बोलणे बंद करतात. मालकही त्याला हाकलतो, कारण तो कामगारांची चुगली करीत नाही. दोन्हीकडून मेलेला माणूस.

आमच्या काही मित्रांनी यावरून डिकन्सला मालकांचा भाट ठरविले. तसे म्हणता येत नाही, आणि त्याला पुरावा आहे. १८५३ च्या शरदात लँकेशायरमध्ये प्रेस्टन येथे गिरणीवाल्यांनी टाळेबंदी केली. कामगार दहा टक्के वाढ मागत होते. १८५४ च्या जानेवारीत डिकन्स स्वतः तेथे गेला, कामगारांच्या सभेत बसला आणि ११ फेब्रुवारीस आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात लेख लिहिला. त्या लेखात कामगार शांत आहेत, शिस्तीचे आहेत, हिशेब चोख देत आहेत. एक धंदेवाईक वक्ता मध्येच घुसू पाहतो तेव्हा सभेचे अध्यक्ष त्याला जागेवर बसवितात. म्हणजे प्रेस्टनला स्लॅकब्रिज होता आणि कामगारांनी त्याला आवरले होते, हे डिकन्सने डोळ्यांनी पाहिले. एप्रिलमध्ये तीच कादंबरी क्रमशः सुरू झाली, आणि तीत स्लॅकब्रिज राहिला, अध्यक्ष गेला.

का गेला? आमचा तर्क असा की गोष्टीला त्याची अडचण झाली. शहाणा अध्यक्ष असता तर स्टीफनला वाळीत टाकले गेले नसते, आणि स्टीफन एकटा पडला नसता तर कादंबरी उभी राहिली नसती. विनोदी लेखकाच्या हाती हा एक धोका असतो. नमुना ठळक व्हावा म्हणून तो शेजारचा माणूस पुसून टाकतो. आमच्याकडे १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांना जमवीत होते आणि १८९० साली त्यांनी रविवारची सुट्टी मिळवून दिली. तेव्हा ते काही दात-ओठ खात नव्हते, अर्ज लिहीत होते, सह्या गोळा करीत होते. असा माणूस कादंबरीत रंगत नाही. मिनिट-बुकाला नायक करणारा लेखक अजून जन्मावयाचा आहे.

तथापि स्टीफनचा प्रश्न खोटा नाही. जो येत नाही त्याचे काय करावे? आमच्या एका संपात, कंपनीचे नाव सोडून देतो, सगळे बाहेर असताना एक माणूस रोज आत जात होता. स्वभावाने गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कारण विचारले तर सांगत नसे. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात त्याची आई वारली. गेटवर बातमी आली आणि कमिटीत वाद सुरू झाला. तरुण पोरे म्हणाली, त्याच्या दारात जायचे नाही. १८७४ साली शिरूर तालुक्यात सावकारांचे न्हावी, पाणके बंद केले होते, हा दाखला आम्हीच कधी तरी शिबिरात दिलेला होता, तो एकाने आमच्यापुढे ठेवला. पोरे हुशार आहेत. आम्ही म्हणालो, तो सावकार नव्हे, आणि मेलेली बाई कामावर जात नव्हती. दोन तास वाद चालला. एक वयस्क सभासद उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "तुमचा ठराव होऊ द्या, मी खांदा देऊन येतो." त्याच्यामागे नऊजण गेले, आम्ही धरून. बाकीचे गेटवरच राहिले.

तुम्हांला वाटेल, दुसऱ्या दिवशी तो माणूस संपात आला. नाही आला. दहाव्याचे विधी उरकून तो पुन्हा कामावर आत गेला. संप संपला, करार झाला, करारातली वाढ त्यालाही मिळाली. त्यानेही ती मुकाट्याने घेतली. निवृत्त होईपर्यंत त्याने वर्गणी दिली नाही आणि कारणही सांगितले नाही. गेटवर राहिलेल्यांपैकी दोघे आजही आम्हांला म्हणतात की त्या दिवशी संघटना ढिली पडली. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकतो. प्रेस्टनच्या कामगारांना तर एवढी शिस्त पाळूनही दहा टक्के मिळाले नाहीत. मे १८५४ मध्ये ते हात हलवीत कामावर परत गेले.

एक गोष्ट डिकन्सच्या विरुद्ध आणखी सांगावयास हवी, नाही तर आम्ही भाट ठरू. कुटुंबाची, चुलीजवळच्या ऊबेची चित्रे याच्याइतकी कोणी रंगविली नाहीत. त्यानेच १८५८ साली, दहा अपत्यांनंतर, बायकोपासून फारकत घेतली आणि आपली बाजू मांडणारे निवेदन स्वतःच्या साप्ताहिकात छापले. बायकोच्या हाती साप्ताहिक नव्हते. पेक्स्निफ काढणाऱ्याला आरसा कोणी धरावा? लोकांचे संसार सुधारावयास निघालेल्यांच्या घरात काय चालते, यावर त्याने 'ब्लीक हाउस'मध्ये जेलिबीबाई उभ्या केल्या आहेत. आफ्रिकेतल्या लोकांची पत्रे लिहिता लिहिता त्यांची स्वतःची पोरे जिन्यावरून गडगडतात. ते प्रकरण आमच्या घरी मोठ्याने वाचले गेले तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "या बाई युनियनमध्ये होत्या का हो?"

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मधला पॉडस्नॅप राहून गेला. नको असलेली प्रत्येक गोष्ट हाताच्या एका झटक्याने मागे सारणारा हा गृहस्थ नगरपालिकेच्या सभेसाठी राखून ठेवू. ज्यांना वाचावयास सुरुवात करावयाची आहे त्यांनी 'हार्ड टाइम्स' घ्यावी, ती त्याच्या मोठ्या कादंबऱ्यांत सर्वांत लहान आहे. 'कॉपरफील्ड' पावसाळ्यात.

श्रोत्यांकडून चिठ्ठ्या आल्या आहेत. वरची चिठ्ठी अशी आहे : 'स्लॅकब्रिज तो तुम्हीच काय?' तिचे उत्तर आम्ही देणे बरे दिसणार नाही. आमचे बारा-पंधरा सभासद पाठीमागे भिंतीशी उभे आहेत, खुर्च्या रिकाम्या असून. त्यांना आधी कोणी तरी बसवा आणि मग त्यांनाच विचारा.